शेजारी ते नसीम : पडद्यावर राहिलेली घरे

हिंदी चित्रपटात एक काळ असा होता की मुसलमान पडद्यावर आला की त्याच्या मागोमाग झुंबर यायचे. झुंबर, चिकाचे पडदे, हुक्का, पानदान, शेरवानी आणि दर दोन वाक्यांमागे एक 'आदाब'. अशा चित्रपटांना 'मुस्लिम सोशल' असे नावच पडून गेले होते. मेहबूब खान यांचा 'नजमा' 1943 सालचा. पुढे 1960 मध्ये 'चौदहवीं का चाँद', 1963 मध्ये 'मेरे मेहबूब', आणि या साऱ्या परंपरेचा अखेरचा भरजरी सोहळा म्हणावा असा कमाल अमरोही यांचा 'पाकीजा', 1972 मधला.

आमच्या मागच्या पिढीने हे चित्रपट मनापासून पाहिले. तंबूतल्या सिनेमात जमिनीवर बसून पाहिले आणि लग्नाच्या मांडवात त्यांच्या तबकड्या झिजेपर्यंत वाजवल्या. आपली माणसे पडद्यावर सुंदर दिसताहेत, अदबीने बोलताहेत, याचे त्यांना अप्रूप होते. ते अप्रूप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत ज्यांच्याकडे गावात थोडे दबकून पाहिले जात होते, त्यांना तीन तासांसाठी का होईना, कुणी तरी नवाब केले होते.

पण ते घर आपले नव्हते. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावे पाहा. मुलाणी, तांबोळी, अत्तार, बागवान, मणियार, पिंजारी, नालबंद. आडनावातच धंदा आहे. घरात दखनी किंवा कोकणी, बाजारात मराठी. कोणी कोणाला 'आदाब' म्हणत नव्हते. सलाम करायचे, नाही तर सरळ 'काय पाटील, पाऊस काय म्हणतो?' असे विचारायचे. पडद्यावरचा नवाब मात्र काय करून खातो हे कधी कळायचे नाही. 'चौदहवीं का चाँद'मध्ये एका बुरख्यामुळे दोन जिवलग मित्रांच्या आयुष्यात केवढा गोंधळ उडतो, पण त्या घरात महिन्याचा किराणा कशातून येतो याचा पत्ता लागत नाही. रूप आणि गाणी आजही गोड लागतात, एवढे म्हणून आम्ही या चित्रपटांना सलाम करतो.

आवडीच्या चित्रपटांची निवड करताना आम्ही म्हणून एक साधे माप धरले. त्या घराचा मालक कोण? घरातला माणूस कोणत्या कामावर जगतो? आणि भिंतीपलीकडे शेजारी कोण आहे? ज्या चित्रपटांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात, ते पुन्हा पुन्हा पाहिले तरी शिळे होत नाहीत असा आमचा अनुभव आहे.

या मापाने पहिला मान एका मराठी चित्रपटाकडे जातो याचे आम्हाला विशेष वाटते. प्रभातचा 'शेजारी', 1941. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकर यांची. गावात दोन म्हातारे मित्र आहेत, एक पाटील आणि एक मिर्झा. घराला घर लागून आहे. तिथे धरण बांधण्याची योजना येते. योजनावाल्यांना जमीन हवी आहे, आणि हे दोघे एकत्र आहेत तोवर गाव हलणार नाही हे त्यांच्या लक्षात येते. मग मने फोडण्याचे काम सुरू होते. संशय पेरला जातो, येणे-जाणे थांबते, बुद्धिबळाचा डाव मोडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे मित्र एकमेकांचा हात धरून जातात.

याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'पडोसी'. तिच्या आरंभीच एक जण रामायण वाचतो आहे आणि दुसरा नमाजाच्या तयारीत आहे. दोन्ही उरकले की दुआ-सलाम. एखाद्याला हे आज भाबडे वाटेल. आम्हालाही हा प्रसंग थोडा ठरवून मांडलेला वाटतो. पण चित्रपट तिथे थांबत नाही, म्हणून तो टिकला. गाव फुटते ते धर्मग्रंथांमुळे नव्हे, जमिनीमुळे. भांडणामागे कोणाचा हिशेब आहे, हे शांताराम-बेडेकरांनी स्पष्ट दाखवले. मुस्लिम लीगचा लाहोर ठराव मार्च 1940 मधला, आणि हा चित्रपट त्यानंतर वर्षाच्या आतच पडद्यावर आला. त्या दिवसांत असा हिशेब मांडायला छाती लागत असली पाहिजे.

आणखी एक गंमत. दोन्ही भाषांत मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीत पाटील होते केशवराव दाते. हिंदीत त्यांच्या जागी ठाकूर म्हणून मजहर खान आले. म्हणजे हिंदी 'पडोसी'त हिंदूची भूमिका मुसलमानाने केली आणि मुसलमानाची हिंदूने. तीन वर्षांनी, 1944 मध्ये, हेच जागीरदार 'रामशास्त्री' झाले, आणि मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचे रामशास्त्रीच राहिले. त्यांचा मिर्झा मात्र विस्मरणात गेला. आम्हाला विचाराल तर मिर्झाचे काम तसूभरही कमी नाही.

'शेजारी'नंतर मराठीत काय? डॉ. जब्बार पटेल यांनी 'सामना', 'जैत रे जैत', 'सिंहासन', 'उंबरठा' दिले. हे सबंध मराठी समाजाचे चित्रपट आहेत, आणि ते पंढरपूरला जन्मलेल्या एका मराठी मुसलमानाने केले याचे कोणाला वेगळे वाटले नाही, हीही एक कमाईच. पण मिर्झाच्या घरासारखे, कथेचा अर्धा भार पेलणारे मुस्लिम घर मराठी पडद्यावर त्यानंतर आम्हाला क्वचितच भेटले. इतिहासपटातला सरदार भेटला, उसनवारीचा पठाण भेटला, जिवाला जीव देणारा एखादा दोस्त भेटला. शेजारी भेटायचा राहिला.

आमच्या मापात न बसणारा एक चित्रपट तरीही आम्ही सोडत नाही. के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम', 5 ऑगस्ट 1960, मराठा मंदिर, मुंबई. याला पैसा पुरवणारे शिराज अली हकीम फाळणीनंतर पाकिस्तानात निघून गेले. चित्रपट अर्धवट पडला, आणि मग शापूरजी पालनजी या पारशी उद्योजकाने तो पुरा करवून घेतला. म्हणजे याच्या घडणीतही फाळणी आहेच. त्यात बादशहा आहे, शहजादा आहे, शीशमहाल आहे. पण आमचा जीव अडकतो तो संगतराशावर. पुतळे घडवून पोट भरणारा तो माणूस भर दरबाराच्या जगात एकटाच कोणाला भीत नाही. कारागिरांच्या वंशातल्या आम्हा लोकांना तो जवळचा वाटावा यात नवल ते काय?

आता 'गर्म हवा'. खरे तर हा सगळा लेख याच चित्रपटाभोवती फिरतो आहे. एम. एस. सथ्यू यांचा 1973 सालचा हा चित्रपट इस्मत चुगताई यांच्या एका अप्रकाशित कथेवरून, कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या तुटपुंज्या कर्जावर तो उभा राहिला. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो काही महिने अडवून धरला, 1974 मध्ये तो बंगलोरला प्रथम लागला, आणि त्याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरकारच्या एका हाताने दार लावले आणि दुसऱ्याने हार घातला.

गांधीजींच्या हत्येनंतरचे आग्रा. सलीम मिर्झा यांचा जोडे बनवण्याचा कारखाना आहे. स्टेशनवर ते आज एकाला निरोप देतात, उद्या दुसऱ्याला. हवेली थोरल्या भावाच्या नावावर, आणि भाऊ पाकिस्तानात गेलेला. त्यामुळे ती निर्वासितांची मालमत्ता ठरते आणि एका सिंधी व्यापाऱ्याला मिळते. हा व्यापारी खलनायक नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ए. के. हंगल यांनी केलेला हा माणूस स्वतःच आपले घर पलीकडे सोडून आलेला आहे. दोन बेघर माणसे एका घराच्या कागदावर समोरासमोर येतात. तिसरीकडे बँक आणि सावकार कर्ज द्यायला तयार नाहीत, कारण याआधी कर्ज घेतलेले काही जण ते न फेडता सरहद्दीपार गेले. जाणाऱ्याचे कर्ज राहणाऱ्याच्या अब्रूतून वसूल होते. धाकटा मुलगा सिकंदर पदवीधर आहे. नोकरी मागायला गेला की पाकिस्तानात का जात नाहीस, असे त्याला ऐकवले जाते. मुलगी अमीना दोनदा लग्नाची वाट पाहते आणि दोन्ही वेळा सरहद्द आड येते.

आणि ती दादी. हवेली सोडायच्या दिवशी म्हातारी लाकडाच्या कोठडीत लपून बसते. तिला उचलून न्यावे लागते. पुढे मरायला टेकली तेव्हा पालखीतून तिला त्या हवेलीत परत आणतात, आणि तिथे ती डोळे मिटते. नवे मालक आड येत नाहीत. या एका प्रसंगात भाषण नाही, घोषणा नाही. फाळणीवर शेकडो पाने लिहिली गेली, पण कागदावरची मालकी आणि जिवातली मालकी यांतला फरक इतक्या थोडक्यात दाखवणारे दुसरे काही आमच्या पाहण्यात नाही.

अखेर हेरगिरीच्या खोट्या आरोपातून सुटूनही डाग न गेलेले सलीम मिर्झा टांग्यात बसून स्टेशनकडे निघतात. वाटेत लाल झेंड्यांचा मोर्चा लागतो, कामधंदा मागणाऱ्यांचा. सिकंदर उतरतो. मग तेही उतरतात आणि बायकोला टांग्यासह घरी परत पाठवतात. हा शेवट कैफींच्या पक्षाचा आहे, कथेचा नाही, अशी टीका झाली. ती सर्वस्वी चुकीची नाही. पण बलराज साहनींचा चेहरा पाहताना ती आठवत नाही. एप्रिल 1973 मध्ये साहनी गेले. त्यांनी स्वतः हा चित्रपट पडद्यावर पाहिला नाही.

आपल्याकडे ही कथा नेमकी अशी घडली नाही, हेही सांगायला हवे. कोकणात आणि देशावर बहुतेकांनी घर सोडले नाही. मराठवाड्याचे मात्र वेगळे. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडे जे झाले, त्याची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कितीतरी वर्षे प्रसिद्धच झाला नव्हता. तिथल्या आज्यांनी काय लपवले आणि कुठल्या कोठडीत त्या लपल्या, याचा चित्रपट मराठीत व्हायचा आहे.

सलीम मिर्झांच्या सिकंदरने नोकरी मागितली होती. 1989 च्या 'सलीम लंगडे पे मत रो'मध्ये मुंबईतल्या दुसऱ्या एका सलीमला ती मिळत नाही, आणि तो मागायचेही सोडून देतो. सईद अख्तर मिर्झा यांचा हा नायक दोन टाकी भागातला टपोरी. बाप गिरणी कामगार, 1982 च्या संपात घरी बसलेला. बापाची भूमिका विक्रम गोखले यांची आहे. दत्ता सामंतांच्या त्या संपाने लालबाग-परळची चूल विझली हे मराठी साहित्याने पुष्कळ लिहिले. मदनपुऱ्याची चूलही त्याच संपाने विझली, हे सांगणारा हा चित्रपट. बहिणीसाठी येणारे स्थळ उर्दू छापखान्यातल्या मुद्रितशोधकाचे आहे. कमाई बेताची, पण तो सलीमला शिक्षणाचे चार शब्द सुनावतो आणि सलीमला ते लागतात. उशिरा लागतात. बहिणीच्या लग्नाच्याच दिवशी सुरा चालतो. आमच्या तरुण वाचकांनी एकच चित्रपट पाहायचा म्हटले तर आम्ही हा सांगू, कारण याच्यात कोणी नवाब नाही आणि कोणी बिचाराही नाही.

श्याम बेनेगल यांचा 'मम्मो', 1994, याबद्दल थोडेच. पाकिस्तानातून बहिणीकडे मुंबईला आलेली विधवा बाई व्हिसा संपल्यावर हद्दपार होते. पुन्हा येते तेव्हा स्वतःच्या मृत्यूचा खोटा दाखला घेऊन. मेलेल्या माणसाला व्हिसा लागत नाही. फरीदा जलाल यांचे काम अप्रतिमच, पण बहीण झालेल्या सुरेखा सिक्रींकडे लक्ष द्या. 'सलीम लंगडे'तली आई त्याच, 'नसीम'मधलीही त्याच. 2021 मध्ये त्या गेल्या.

'नसीम' 1995 चा, पुन्हा सईद मिर्झांचा. काळ जून ते डिसेंबर 1992. पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. बाहेर अयोध्येच्या बातम्या, दूरदर्शनचा आवाज, भावाच्या मित्रांची तापलेली चर्चा; आत आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगताहेत. 6 डिसेंबरला ते जातात. चित्रपट आला तेव्हा मुंबईच्या दंगलीला फार दिवस झाले नव्हते. कितीतरी कुटुंबांनी तोवर मुंब्र्याला, मीरा रोडला बिऱ्हाड हलवले होते. त्या खोल्यांतून हा चित्रपट पाहणाऱ्यांना त्याची गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागली नसेल.

आजोबांची भूमिका कैफी आझमी यांनी केली आहे. 'गर्म हवा' लिहिणारे तेच. आग्राही तेच. आम्हाला नेहमी वाटते, टांग्यातून उतरलेले सलीम मिर्झा पुढे मुंबईला आले असतील, म्हातारे झाले असतील, आणि हेच ते असतील. त्यांचा मुलगा एकदा वैतागून विचारतो की तेव्हा पाकिस्तानात का गेला नाहीत. इतिहासाचे, राजकारणाचे, धर्माचे कोणतेही उत्तर म्हाताऱ्याला देता आले असते. तो विचारतो, आग्र्याच्या घरासमोरचे झाड आठवते का तुला? तुझ्या आईला ते फार आवडायचे.