कहव्याच्या देशचे लोक आणि गोदाकाठ

पेयांचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा मनावर घेतलेला नाही. लढायांच्या तिथी, तहांची कलमे, किल्लेदारांच्या नेमणुका ह्यांचा आपले संशोधक कसून शोध घेतात. परंतु त्या किल्ल्यांवर नांदणारी माणसे सकाळी उठून काय पीत असत, हा प्रश्न इतिहासाच्या प्रतिष्ठेस शोभणारा नाही अशी समजूत दिसते. मराठवाड्याच्या बाबतीत ही उपेक्षा मला विशेष खटकते. ज्या दोन देशांनी जगास कॉफी दिली ते हबसाण आणि अरबस्तान. जंजिऱ्याचा अपवाद सोडला तर ह्या दोन्ही देशांच्या माणसांचा महाराष्ट्राशी जितका निकट संबंध आला तो कंधार, उदगीर आणि नांदेड ह्याच टापूत. असे असूनही येथील घरोघरी जो राज्य करतो आहे तो चहा. आणि चहाच्या देशाचा एकही मनुष्य येथे कधी किल्लेदार म्हणून आलेला नाही. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

कॉफीचे झाड मूळचे हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या डोंगरी रानांतले. तिच्या बियांचा काढा करून पिण्याची रीत मात्र समुद्रापलीकडे येमेनात, पंधराव्या शतकात, सूफी मंडळींच्या मठांतून रूढ झाली. रात्रभर नामस्मरण करावयाचे तर झोप आड येते. हा काळा काढा घेतल्याने ती दूर राहते, एवढाच प्रारंभीचा हेतू. अरबीत बीला ‘बुन्न’ व पेयाला ‘कहवा’ म्हणतात. आपल्या ‘कॉफी’चे मूळ ह्या दुसऱ्या शब्दात आहे. १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने कहव्यास बंदी केली. परंतु त्याच्या वरिष्ठांनाच तो आवडत असल्याने ती टिकली नाही. १५५५ च्या सुमारास इस्तंबुलात कहवाखाने उघडले, १६५२ त लंडनात पहिले दुकान निघाले, आणि १६७५ त इंग्लंडच्या राजाने ही दुकाने बंद करण्याचा हुकूम काढून थोड्याच दिवसांत तो मागे घेतला. जेथे चार माणसे एकत्र बसून जागेपणी बोलतात ती जागा राज्यकर्त्यांना नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मलिक अंबर हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला तो येमेनातील मोखा बंदरी. तेथून मक्का, बगदाद असे हस्तांतर होत होत तो दख्खनेत निजामशाहीचा वजीर चंगीजखान ह्याच्याकडे आला. पुढे कॉफीच्या व्यापाराने मोखा जगप्रसिद्ध झाले. अंबर तेथे विकला गेला त्या काळी ती कीर्ती अजून व्हावयाची होती. तथापि ज्या मक्केत व ज्या बगदादेत त्याचे तारुण्य गेले तेथे कहवा त्या वेळी नित्याचा झाला होता. ह्या पुरुषाने पुढे खडकी शहर वसविले, निजामशाही सावरून धरली, आणि १६०२ साली नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी होऊन पडला, तेव्हा त्याच्या हबशी सोबत्यांनी त्यास उचलून रणांगणाबाहेर नेले. नांदेडच्या मातीस असा हबशी रक्ताचा स्पर्श झालेला आहे. अंबर १६२६ त वारला. १६३१ त कंधारचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. १६३६ त उदगीरचा किल्ला सिद्दी मिफ्ताह नावाच्या हबशी किल्लेदाराने वेढ्यानंतर सोडून दिला, आणि मोगलांनी त्यास ‘हबशखान’ किताब देऊन चाकरीत घेतले. त्याच वर्षी औसाही पडला. म्हणजे आज ज्यास आपण लातूर जिल्हा म्हणतो त्यातील एक बळकट किल्ला कॉफीच्या मायदेशच्या माणसाच्या ताब्यात होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आज इथिओपियात पाहुण्यापुढे कोवळ्या हिरव्या बिया धुऊन, तव्यावर भाजून, त्यांचा धूर पाहुण्याच्या नाकापर्यंत नेऊन, मग कुटून अरुंद गळ्याच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळतात. तिला ‘जबना’ म्हणतात. कॉफी तीन वेळा द्यावयाची, आणि तिसऱ्या खेपेस ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद, असे नाव. हे चित्र मनोहर आहे. पण ते उचलून उदगीरच्या किल्ल्यात ठेवणे बरोबर होणार नाही. सोळाव्या शतकात हबसाणातील ख्रिस्ती लोक कॉफीस मुसलमानांचे पेय समजून तिच्यापासून दूर राहत, आणि दक्षिणेकडील ओरोमो लोक ती पिण्यापेक्षा लोण्यात कालवून खात. बालपणीच घरातून ओढून काढलेल्या मुलांनी आईच्या चुलीवरच्या रीती बरोबर आणल्या असतील, ही अपेक्षाच मुळी क्रूर आहे. अंबराने व त्याच्या जातभाईंनी दख्खनेत आणली ती तलवार, बंदोबस्त आणि महसुलाची शिस्त. घर त्यांना येथे नव्याने उभारावे लागले, आणि ते दख्खनी झाले.

ह्यानंतर तीस वर्षांनी नांदेडवरून एक प्रवासी गेला. झाँ द तेवनो हे त्याचे नाव. हा फ्रेंच गृहस्थ तुर्कस्तान, मिसर, इराण असे देश पाहून १६६६ त सुरतेस उतरला आणि पुढे औरंगाबादेहून गोवळकोंड्यास जाताना गोदाकाठच्या नांदेडचा मार्ग त्याने धरला. तेवनोने तुर्कांच्या कॉफीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते पाकशास्त्राच्या पुस्तकात शोभावे इतके तपशीलवार आहे: पाणी उकळून त्यात पूड घालावी, ऊतू जाऊ लागताच भांडे विस्तवावरून उचलावे, पुन्हा ठेवावे, असे दहा-बारा वेळा करून चिनी मातीच्या पेल्यांत ओतावे, आणि कढत असतानाच घोट घोट घ्यावी. कहवाखान्यात गाणे-बजावणे चालते व तेथे जातीपातीचा व धर्माचा भेद न पाहता कोणीही बसतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. ज्याच्या सामानात कॉफीविषयी इतके ज्ञान होते असा मनुष्य नांदेडवरून गेला, आणि पुढे १६६७ त परतीच्या वाटेवर इराणात वारला. नांदेडास त्यातून काही लाभले नाही. मोगल दरबारच्या उमरावांत कॉफी तोवर पोचली होती. टेरी नावाच्या इंग्रज पाद्र्याने जहांगीराच्या काळीच तिची नोंद केली आहे. पण दरबार आणि बाजार ह्यांत बरेच अंतर असते.

तिसरी संधी अरबांची. निजामाच्या राज्यात हद्रमौतचे अरब शिपाई मोठ्या संख्येने चाकरीस होते. हैदराबादेतील बार्कस ही त्यांची वस्ती आजही प्रसिद्ध आहे. नुसते शिपाई म्हणून नव्हे, तर जमादार, किल्ल्यांचे राखणदार आणि सावकार म्हणूनही ते जिल्ह्यांत पसरले. हदगाव-उमरखेडच्या टापूत हटकर नौसाजी नाईकाने निजामाविरुद्ध उठाव केला, तेव्हा १८१९ च्या जानेवारीत त्याच्या नाव्हा येथील गढीस मेजर पिटमनच्या फौजेने वेढा दिला. गढीत लढणारे बहुतेक अरबच होते आणि त्यांतले बहुतेक तेथेच पडले. युद्धाच्या अहवालात मेलेल्यांची गणती आहे, तोफांची आहे. गढीतल्या चुलींची नाही. खुद्द येमेनात तर एक मौजेची रीत आहे. तेथील सामान्य मनुष्य बी विकून टाकतो आणि तिची टरफले सुंठ किंवा आले घालून उकळून पितो. त्यास ‘किशर’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याने तूप बाजारी धाडून ताकावर राहावे, त्यातलाच हा प्रकार.

तीनदा दाराशी आलेली कॉफी आत का आली नाही? महागाई हे एक कारण. मोख्याचा माल सुरतेस किंवा कोकणच्या बंदरी उतरावयाचा आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढून यावयाचा. चव हेही कारण. ज्याच्या घरी पाहुण्यास गूळपाणी देतात त्यास बिनसाखरेचा कडू काढा औषधच वाटणार. परंतु खरे कारण मला निराळे वाटते. पेय सैन्याबरोबर प्रवास करते, पण मुक्काम करते ते स्वयंपाकघरात. गढीतला अरब आणि गावातला कुणबी, किंवा किल्ल्यातला हबशी आणि खालच्या पेठेतला वाणी, ह्यांचा व्यवहार पैशाचा, धान्याचा, फार तर सलामाचा होता. एकाच्या भांड्यातले पाणी दुसऱ्यास चालत नव्हते. तेवनोस तुर्कस्तानात जे नवल वाटले, कोणी कोणाशेजारीही बसून पितो, तेच नेमके आपल्याकडे नव्हते. शेजार शतकांचा, पण पेला एक झाला नाही. अरब सावकार म्हणजे कर्जवसुलीचा धाक, एवढीच आठवण मागे उरली, आणि १९४८ पूर्वीच्या वर्षांत जे वैर माजले त्याने तीही अधिक काळवंडली. ह्या हानीस कॉफीची हानी म्हणणे फार अपुरे होईल.

चहा आला तो कोणत्याही लोकांबरोबर आला नाही. तो आगगाडीने आला. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने नांदेड जोडले गेले, १९११ त बार्शी लाइटची अरुंद गाडी लातुरास पोचली. सरकारने १९०३ साली निर्यात चहावर पट्टी बसविली होती, आणि तिच्या उत्पन्नातून पुढे स्टेशनांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या, चहा कसा करावा ह्याची प्रात्यक्षिके झाली, फुकट पेलेही वाटले गेले. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी मागणी घटली, तेव्हा मळेवाल्यांना देशातल्या गिऱ्हाइकाची आठवण अधिकच तीव्रतेने झाली. हैदराबादेत चहा लोकप्रिय केला तो इराण्यांनी. इराणातच एकोणिसाव्या शतकात कॉफी मागे पडून चहा वर आला. तरी तेथील चहाच्या दुकानास ‘कहवाखाना’च म्हणत राहिले. नाव कॉफीचे, माल चहाचा! आपल्याकडे त्या दुकानास ‘हॉटेल’ नाव पडले, आणि त्याने जुना निर्बंध अर्धवट का होईना, मोडला. अर्धवट म्हणण्याचे कारण असे की, आतल्या बाकावर कुणबी, मराठा, मुसलमान शेजारी बसू लागले तरी गावोगावी अस्पृश्य गणलेल्या माणसांची कपबशी बाहेर निराळी टांगलेली असे, आणि ती त्यांनीच धुवावयाची असे. पेल्याची ही लढाई कहव्याने लढली नाही, आणि चहाने एकट्याने जिंकली नाही.

कॉफीही शेवटी आली, पण दक्षिणेच्या वाटेने. बाबा बुदन नावाच्या फकिराने मक्केहून येताना सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी सतराव्या शतकातली कथा आहे. मोठे मळे १८२० नंतर इंग्रजांनी केले आणि माल बव्हंशी परदेशी गेला. चहाचीच कथा येथेही घडली: भाव कोसळले, १९३५ त कॉफीपट्टीचा कायदा झाला, आणि १९३६ त मुंबईस इंडिया कॉफी हाउस उघडले. मराठी घराने ही कॉफी घेतली ती आपल्या रीतीने. तमिळ घरातल्यासारखा गाळणीचा अर्क नाही, अरबासारखी केवळ वेलदोड्याची निरी नाही. दुधात साखरेबरोबर उकळून, वर जायफळ किसून. गंमत अशी की, सूफींनी जे पेय झोप घालविण्यास घेतले त्यात आपण झोप आणणारे म्हणून प्रसिद्ध असलेले जायफळ घालतो, आणि गाण्याच्या बैठकीत मध्यरात्री तेच वाटतो. चहा रोजचा, कॉफी पाहुण्याची, आजारातून उठलेल्याची, लग्नघरातली. एवढ्या उशिरा आलेल्या पेयाने इतक्या लवकर मानाची जागा पटकावली, ह्यात आमच्या गृहिणींचे कर्तृत्व मोठे आहे. मळेवाल्यांच्या मंडळांनी ते स्वतःच्या खाती जमा करू नये.

अलीकडे लातुरात आणि नांदेडात शिकवणीवर्गांच्या गल्ल्यांतून कॅफेच्या पाट्या लागल्या आहेत. गावाकडून आलेली मुले-मुली तेथे एका टेबलाशी बसतात, कोणी कोणाची जात विचारीत नाही. निदान मोठ्याने तरी नाही. असल्या दुकानांच्या दरपत्रकावर ‘मोका’ म्हणून एक प्रकार असतो. कॉफीत चॉकलेट घालून तो करतात. हे त्याच बंदराचे नाव, जेथे अंबर नावाचा हबशी मुलगा विकला गेला होता.