'मुमास' आणि 'स्पर्शिका'

वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणाऱ्या रेषेस भोकरच्या मराठी शाळांत आज 'स्पर्शिका' म्हणतात. १९४८ पूर्वी हे गाव निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू असल्याने तेथील भूमितीत वर्तुळ 'दायरा', तर स्पर्शिका 'मुमास' होती.

गणित अर्थातच तेच राहिले. क्ष² + य² = २५ या वर्तुळाच्या (३, ४) बिंदूपाशी त्रिज्येचा चढ ४/३; स्पर्शिका तिला लंब, म्हणून तिचा चढ −३/४ आणि समीकरण ३क्ष + ४य = २५. य शून्य धरल्यास क्ष-अक्षावरील अंतःखंड २५/३, क्ष शून्य धरल्यास य-अक्षावरील २५/४.

'मुमास' हा शब्द अरबीतील स्पर्शवाचक धातूपासून साधलेला आहे. लॅटिन 'तांगेरे'चा अर्थही स्पर्श करणे हाच. युक्लिडची व्याख्याही स्पर्शाचीच होय. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर मराठी संज्ञा दृढ झाल्या, तेव्हा बदलला तो ध्वनी; कल्पना नव्हे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास 'मुमास' पाठ करावा लागे, 'स्पर्शिका' आपोआप उमगते. हा लाभ मोठाच आहे. तथापि 'मुमास'ला परका ठरवणे घाईचे होईल. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात युक्लिड संस्कृतात आणला, तो नासिरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरूनच. उलट 'अंतःखंड' हा शब्द संस्कृत खरा. परंतु आरंभबिंदूपासून रेषेने तोडलेला अक्षाचा तुकडा, हे त्यावरून मराठी विद्यार्थ्यास सहसा कळत नाही.