पूल बंद आहे: व्हाइस सिटीचे रस्ते अजून पाठ का आहेत?

ज्यांचे हेडफोन घरी राहिले किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो तिथे थोडं सारखं केलंय, बाकी जसं बोललो तसंच.

डिसेंबर २०२३ मध्ये जीटीए सिक्सचा पहिला ट्रेलर आला आणि कळलं, की गाडी फिरून परत व्हाइस सिटीलाच चालली आहे. त्या दिवशी पांढरकवड्याच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. एरवी तिथे फक्त वाढदिवसाचे केक येतात. पण नव्या गेमबद्दल कोणी बोलतच नव्हतं. "हॉटेलच्या मागची ती गल्ली आठवते का बे?" "मॉलमध्ये बाईक घालून वरच्या मजल्यावर नेली होती, तो जिना कोणत्या बाजूला?" पाच मिनिटांत तीन जणांनी उत्तर दिलं, आणि तिघांचंही बरोबर होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्यात राहतो. घर ते ऑफिस हा रस्ता रोजचा, तरी फोन बंद पडला तर दुसऱ्या वाटेनं मला जाता येणार नाही. आणि पंधरा वर्षांपूर्वी तासाच्या हिशेबानं खेळलेल्या एका खोट्या शहराचे रस्ते मात्र पाठ. लहानपणच्या आठवणी गोड असतात, एवढं म्हणून विषय संपवता आला असता. पण त्याच कॅफेत, त्याच वयात खेळलेल्या बाकी गेम्समधलं मला काहीच आठवत नाही. त्याचं काय?

माझं उत्तर असं आहे: व्हाइस सिटीनं आम्हाला शहर दिलं, वाट आमची आम्ही पाडली. आणि गेममधल्या या युक्तीला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तिथून सुरू करू.

गुहेत उतरणारा प्रोग्रामर

विल क्रौथर हा अमेरिकेत बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत प्रोग्रामर होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट. त्यावरचे संदेश पोचवणाऱ्या मशीनचा कोड ज्या टीमनं लिहिला, त्यात तो होता. सुट्टीत तो आणि त्याची बायको पॅट्रिशिया केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हच्या गुहांमध्ये उतरायचे, मोजमापं घ्यायचे, नकाशे बनवायचे. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे ९ सप्टेंबर १९७२ ला ज्या तुकडीनं शोधलं, त्यात पॅट्रिशिया होती.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळायला काहीतरी असावं, हेही एक कारण होऊन त्यानं १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० संगणकावर फोरट्रान भाषेत एक गेम लिहिला. तो पुढे कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर म्हणून ओळखला गेला. त्यात चित्र एकही नाही. स्क्रीनवर जागेचं वर्णन यायचं आणि तुम्ही उत्तर, दक्षिण, खाली असे एक-दोन शब्द टाइप करायचे. पण गुहा खरी होती, मॅमथ केव्हचाच बेडक्विल्ट नावाचा भाग. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सनं त्यात भर घातली आणि तो अर्पानेटवरून सगळीकडे पसरला.

या गेममध्ये एक भूलभुलैया आहे, जिथे प्रत्येक खोलीचं वर्णन अगदी सारखं. मग आपण कुठे आहोत हे कळणार कसं? लोकांनी युक्ती काढली. प्रत्येक खोलीत हातातली एक वस्तू टाकायची, इथे किल्ल्या, पुढच्या खोलीत बाटली. आणि शेजारी कागद ठेवून गोल काढायचे, रेघांनी जोडत जायचं. गेमनं नकाशा दिला नाही, म्हणून खेळणाऱ्यांनी तो काढला. तो डोक्यात किती पक्का बसतो बघा. हा गेम रोज खेळलेली एक बाई नंतर पहिल्यांदाच त्या खऱ्या गुहेत उतरली आणि बेडक्विल्टच्या भागात कुठे वळायचं हे तिला माहीत होतं, असं तिच्यासोबतच्या माणसानं लिहून ठेवलंय.

कंदील घेतलेला मुलगा

दुसरा टप्पा जपानमध्ये. शिगेरू मियामोतो क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढला. लहानपणी भटकताना त्याला एक गुहा सापडली आणि नंतर हिंमत करून तो कंदील घेऊन आत गेला, ही गोष्ट त्यानं अनेकदा सांगितली आहे. २१ फेब्रुवारी १९८६ ला निन्टेंडोचा द लेजंड ऑफ झेल्डा आला, त्यात तीच गुहा वेगळ्या रूपात आहे. सुरुवातीला तुम्ही मोकळ्या जागेत उभे, आणि कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. जमिनीवरचं जग १६ गुणिले ८, म्हणजे १२८ स्क्रीनचं. कोणतं झुडूप जाळलं की खाली जिना निघतो आणि कोणत्या खडकाला बॉम्ब लावला की दार उघडतं, हे करूनच बघायचं.

हे एकट्या मुलाला कसं सुचणार? मियामोतोला तेच हवं होतं. मुलं एकमेकांना विचारतील, एकाला सापडलेलं दुसऱ्याला सांगतील. म्हणजे क्रौथरच्या वेळी नकाशा एकेकाचा होता, इथे तो सगळ्या टोळीचा झाला. आता टोळीचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावाला जाऊ.

आठ स्लॉट, बारा पोट्टे

व्हाइस सिटी बनवली स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गच्या रॉकस्टार नॉर्थ या स्टुडिओनं. ऑक्टोबर २००२ मध्ये ती प्लेस्टेशन टूवर आली, मे २००३ मध्ये कॉम्प्युटरवर. पांढरकवड्यात मला ती भेटली २००८ च्या उन्हाळ्यात, पायरेटेड सीडीवर. सायबर कॅफेत चार कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये. खुर्चीवर एक जण आणि मागे तिघे उभे, त्यांचे पैसे लागत नसत. सीडीत मावावी म्हणून आमच्या कॉपीतून गाणी काढून टाकलेली होती. गेममध्ये नऊ रेडिओ स्टेशन आहेत हे मला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कळलं. तोवर आमच्यासाठी व्हाइस सिटी म्हणजे नुसता इंजिनचा आवाज.

गेम सेव्ह करायला आठ स्लॉट असतात आणि आम्ही पोट्टे बारा. त्यात लोडशेडिंग. सेव्ह करायला हॉटेलवर पोचायच्या आधी लाइट गेली की सगळं पाण्यात. माझ्या सेव्हवर एकानं स्वतःचा गेम चढवला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

पण खरी गोष्ट पुलाची. गेम सुरू होतो तेव्हा वादळाच्या इशाऱ्यामुळे दुसऱ्या बेटावर जायचे पूल बंद असतात. टॉमीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की मेला. गोष्ट पुढे सरकली की पूल उघडतात, पण आमच्यातले बरेच जण त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं चार बॉम्ब ठेवायच्या मिशनला अडकलेले. आम्ही मिशन सोडून नुसते फिरत राहायचो. घरूनही तेच होतं म्हणा. हैदराबादकडे जाणारा हायवे एकट्यानं ओलांडायचा नाही आणि खुनी नदीकडे जायचं नाही. बंद पूल आम्हाला ओळखीचा होता.

शेवटी एकाच्या सेव्हमध्ये पूल उघडला. त्या दिवशी खुर्चीमागे तीनाच्या जागी सात जण उभे होते. त्यानंतर मागच्या पानावर चीट कोड असलेली वही आली. ॲस्पिरिनच्या स्पेलिंगला शेवटी एक जास्तीचा ई लावायचा, हे मी औषधाच्या आधी गेममुळे शिकलो. त्याच वहीत पुढच्या पानांवर नकाशा. शहरात शंभर लपवलेली पाकिटं आहेत, छोट्या मूर्तीसारखी दिसणारी, आणि नकाशावर एकही दाखवलेलं नाही. दहा सापडली की मुक्कामाच्या जागी एक बक्षीस. कोणाला गच्चीवर मूर्ती दिसली की वहीत फुली. आम्हाला शंभर काही मिळाली नाहीत. पण ती शोधताना प्रत्येक गल्लीचा मागचा भाग बघून झाला.

बत्तीस एमबीतलं शहर

इंजिनिअर झाल्यावर मला वेगळंच कुतूहल वाटायला लागलं. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी होती ३२ एमबी. तुमच्या फोनमधला एक मिनिटाचा व्हिडिओसुद्धा याहून मोठा असतो. एवढ्यात अख्खं शहर मावणं शक्य नाही. म्हणून गेम फक्त तुमच्या आसपासचा भाग डिस्कवरून उचलतो, मागे पडलेला टाकून देतो. बेट बदलताना लोडिंगची स्क्रीन येते ती त्यामुळेच. लांबचं धुरकट दिसतं, आणि म्हणून तिथे काय आहे हे बघायला जावं लागतं.

त्यातही गमती पेरलेल्या. स्नायपरनं चंद्रावर गोळी मारली की त्याचा आकार बदलतो. हे पहिल्यांदा सांगणाऱ्या पोट्ट्याला आम्ही लबाड ठरवलं होतं. याचं कारण रॉकस्टार नॉर्थचे जुने टेक्निकल डायरेक्टर ओबे व्हर्मेइ यांनी पुढे सांगितलं. जीटीए थ्रीच्या वेळी चंद्र मोठा हवा की लहान, यावर आर्टिस्ट लोकांचं एकमत होईना, म्हणून त्यांनी तो गोळीनं बदलता ठेवला. कोणत्याही सूचनेत ते लिहिलेलं नव्हतं. आम्हाला ते तोंडोतोंडी कळलं, झेल्डाच्या जिन्यांसारखं.

मग रेघ आली

व्हाइस सिटीच्या मेनूत पूर्ण नकाशा आहे, कोपऱ्यात छोटा रडारही आहे. नाही ती फक्त एक गोष्ट: इथून असं जा, असं दाखवणारी रेघ. ती आली जीटीए फोरमध्ये, २००८ साली. योगायोग असा, की आम्ही वहीत नकाशा काढत होतो त्याच वर्षी.

२०२१ मध्ये तीन जुन्या जीटीए नव्या रूपात निघाल्या तेव्हा त्यांतही रस्ता दाखवणारा नकाशा घातला गेला. त्याच संचातल्या सॅन अँड्रियासमधलं धुकं काढल्यावर एका शहरातून पार दुसरं शहर दिसायला लागलं आणि एवढं मोठं राज्य खेळण्यासारखं वाटलं. लोकांनी बोंब मारली. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारख्या आकाशाचा आणि प्रकाशाचा पर्याय परत दिला गेला.

इथे मला माझ्याच कामाकडे बघावं लागतं. ॲपमध्ये माणूस कुठे गोंधळतो ते शोधायचं आणि तो गोंधळ काढून टाकायचा, याचा मला पगार मिळतो. पैसे पाठवताना, दवाखाना शोधताना ते हवंच, तिथे कोणाला भटकायला लावणं हा छळ आहे. पण जो गोंधळ आपण काढतो, त्याच्यासोबत आणखी काहीतरी जातं. रेघेमागून गेलं की माणूस पोचतो, रस्ता मात्र लक्षात राहत नाही. पुण्यातलं माझं तसंच झालंय.

मागच्या दिवाळीत गावी बहिणीच्या मुलाला माझ्या जुन्या लॅपटॉपवर मूळ व्हाइस सिटी लावून दिली. पाच मिनिटांत प्रश्न आला, "मामा, याच्यात रेघ काऊन नाही?" मी म्हटलं, नाहीच आहे, फिर. तो वैतागला, लॅपटॉप बंद करून फटाके वाजवायला गेला. मला वाटलं, झालं, पिढी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी तो लॅपटॉपसमोर होता. बाजूला त्याच्या शाळेची वही. एका पानावर चौकोन, त्यातून दोन रेघा, आणि रेघांच्या टोकाला लिहिलेलं: पूल बंद.

तुमच्याकडे अशी एखादी वही असेल तर फोटो पाठवा, पुढच्या भागात तिच्याबद्दल बोलू. आणि जमलं तर या रविवारी ओळखीच्या एका ठिकाणी मॅप न लावता जाऊन बघा. चुकलात तर तेही सांगा.