स्वच्छ समुद्र की समृद्ध समुद्र?

पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'प्रदूषण कमी करणे ही काळाची गरज आहे.' माझंही तेच होतं. मग जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्राचा इतिहास वाचला आणि ते वाक्य खोडावं लागलं.

होन्शू, शिकोकू आणि क्युशू या बेटांच्या मधला हा समुद्र. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या काठी पोलाद, तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने वाढले. भराव टाकून उथळ किनारे बुजवले गेले. सांडपाणी थेट समुद्रात. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर सूक्ष्म शैवाल भरमसाट वाढायचं आणि पाणी लालसर दिसायचं. यालाच 'रेड टाइड' म्हणतात. 1972 मध्ये हारिमा-नादा भागात त्यामुळे पिंजऱ्यात पाळलेले सुमारे 1 कोटी 40 लाख हामाची मासे मेले.

पुढच्याच वर्षी खास कायदा आला: उद्योगांकडून येणारा सीओडीचा, म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय प्रदूषणाचा, भार तीन वर्षांत निम्मा करायचा. 1979 पासून त्यापुढचं पाऊल पडलं. फक्त लिटरमागे प्रमाण न बघता समुद्रात जाणारा एकूण भार मोजायचा. म्हणजे सांडपाणी पातळ करून सोडायची पळवाट बंद! 2001 पासून नायट्रोजन आणि फॉस्फरसही या हिशेबात आले. 1976 मध्ये रेड टाइडच्या 299 घटना नोंदल्या होत्या. पुढे त्या वर्षाला शंभरच्या आसपास आल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपं होतं. पण सुशीला गुंडाळतात ते नोरी शैवाल फिकं पडू लागलं, कारण त्यालाही नायट्रोजन लागतोच. मासळीही घटली. शेवटी 2015 आणि 2021 मध्ये कायदा बदलला. आता ठरावीक भागात नियोजन करून पोषकद्रव्यं वाढवता येतात. काही सांडपाणी केंद्रं हिवाळ्यात मुद्दाम कमी नायट्रोजन काढतात.

इथे दोन सापळे आहेत. एक, 'प्रदूषण चांगलं असतं' असा अर्थ काढू नका. पाऱ्यासारख्या विषाला हा न्याय लागू नाही. दोन, 'नायट्रोजन घटला म्हणून मासे घटले' असं लगेच लिहू नका. बुजवलेले उथळ किनारे आणि तापणारं पाणी हेही त्याच काळात घडलं. एकत्र घडणं म्हणजे कारण नव्हे.

माझं पहिलं वाक्य आता प्रश्न झालंय: कोणता घटक, किती, कुठे आणि कोणत्या ऋतूत कमी करायचा? तुमचंही तपासून बघा.