बाराबोरचा धक्का

गेले काही दिवस भावकीत एकच प्रश्न फिरतोय. खारघरच्या आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीला उडत्या तबकड्या फोडायला शिकायचंय, तर तिला कमी धक्क्याची शॉटगन कोणती? कुणी म्हणालं, हलकी बघा. कुणी म्हणालं, गावाकडे अण्णांची दुनळी बाराबोर पडूनच आहे, तिच्यावर हात बसू दे. मला बंदुकीपेक्षा तिच्या इतिहासात रस जास्त. तेव्हा फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे बोललो ते इथे एकदाच लिहून टाकतो. ब्लॉगमित्रांनी सांभाळून घ्यावं.

आधी हे 'बारा' कुठून आले? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बाराबोर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळीही लहान, ती वीस बोअर. म्हणजे आकडा मोठा तशी नळी बारीक. (अपवाद फोर-टेनचा. तो आकडा सरळ इंचांतला, ०.४१ इंच. इंग्रजांना सगळं एका मापात बसवायचा कंटाळा असावा.)

यावरून वाटतं की मुलांना बारीक नळी द्यावी, धक्का कमी बसेल. इथेच गफलत आहे. धक्का नळीच्या व्यासावर ठरत नाही. काडतुसातून किती वजन किती वेगाने बाहेर पडतं आणि बंदूक स्वतः किती जड आहे, यावर ठरतो. मी कागदावर हिशेब करून पाहिला. साडेतीन किलोची बाराबोर आणि २४ ग्रॅम छर्‍यांचं काडतूस असेल, तर बंदूक साधारण १९ ज्यूल ऊर्जेने खांद्यावर येते. तेच काडतूस पावणेतीन किलोच्या नाजूक बंदुकीत घातलं तर २४ ज्यूल. आणि तीन किलोची जुनी दुनळी, त्यात शिकारीचं ३२ ग्रॅमचं काडतूस? ३७ च्या वर. म्हणजे अण्णांच्या बंदुकीचा धक्का खेळाच्या बंदुकीच्या जवळजवळ दुप्पट! 'हलकी बघा' म्हणणार्‍यांनी हे जरूर वाचावं.

फोर-टेनचा धक्का खरोखर कमी असतो, पण त्यात छरेच थोडे. नवशिक्याच्या तबकड्या फुटत नाहीत, आणि चार रविवारी एकही फुटली नाही की मूल पुन्हा मैदानावर यायचं नाव काढत नाही.

आता इतिहासाकडे. शिकार्‍याला धक्क्याची फिकीर नव्हती. दिवसभर रान तुडवून तो बार काढणार चार नाहीतर पाच. बंदूक खांद्यावर वाहायची म्हणून ती हलकी आणि सावज हातचं जाऊ नये म्हणून काडतूस भारी. अण्णांची बंदूक त्या वंशातली. खेळाचं गणित वेगळं. युरोपात आधी पेटीतून जिवंत कबुतरं सोडून नेमबाजी चाले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा अशी स्पर्धा झाली. पण त्याच्या आधीच, १८८० मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने मातीची तबकडी काढली होती. कबुतरं सुटली, पण तबकड्या स्वस्त आणि हव्या तितक्या, त्यामुळे एका दिवसाचे बार चारवरून शंभरावर गेले. खांदा बोलायला लागला तो तेव्हा.

मग खेळाच्या बंदुका जड होत गेल्या आणि काडतुसं हलकी. ऑलिंपिक ट्रॅपचं काडतूस पूर्वी ३२ ग्रॅमचं होतं, मग २८, आता २४. १९६३ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ११०० नावाची बंदूक बाजारात आणली. बाराचा थोडा वायू वळवून ती पुढचं काडतूस आपोआप भरे. त्यात धक्का एकदम न बसता थोडा पसरून येई, म्हणून तिकडे मुलांच्या आणि बायकांच्या हाती ती फार गेली.

एवढं सगळं कशासाठी? दुखर्‍या खांद्याला शेक देता येतो. पण पहिल्या पंधरवड्यात मनात बसलेली धास्ती निघत नाही. बार व्हायच्या आधीच डोळे मिटतात, मान उचलली जाते, चाप ओढला न जाता हिसकला जातो. जाणते प्रशिक्षक नकळत एखादं नकली काडतूस भरून ठेवतात. बार होत नाही, तरी मूल दचकतं. तेव्हा कळतं. कानाला चांगलं संरक्षण हवंच, कारण ही धास्ती निम्मी आवाजाची असते. आणि दस्ता तिच्या हाताच्या मापाचा हवा. लांब दस्त्याची बंदूक पोर दंडावर टेकवते आणि दुसर्‍या दिवशी दंड काळानिळा.

आपल्याकडे ही शॉटगन आली संस्थानिकांच्या हातून. बिकानेरचे महाराजा करणी सिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले. १९६२ मध्ये कैरोला जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रणधीर सिंग यांनी सुवर्ण जिंकलं, ते पतियाळाच्या घराण्यातले. २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य आणणारे राज्यवर्धन राठोड लष्करातले. राजवाडा, पंजाब-राजस्थानची जमीनदारी आणि फौज. या यादीत मराठी नाव शोधत बसलो तर हाती काही लागेना.

मराठी नावं आहेत, पण रायफल-पिस्तुलात. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, तिथलीच राही सरनोबत. मला याचं कारण पराक्रमापेक्षा जागेत आणि पैशात दिसतं. छरे दोन-सव्वादोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात, म्हणजे तेवढं मैदान मोकळं हवं. वर प्रत्येक बाराला एक काडतूस फुंकायचं. एअर रायफलला मात्र दहा मीटरची खोली पुरते. छर्‍याची किंमत किरकोळ, आणि धक्का? अर्ध्या ग्रॅमची गोळी आणि पाच किलोच्या आसपासची रायफल. जाणवतसुद्धा नाही.

सिडकोने १९७० पासून खाडीकाठची भातशेती घेऊन जे शहर उभारलं, त्यात सेक्टर बसले, सव्वादोनशे मीटर मोकळं रान कुठून उरणार? पण दहा मीटर उरले. २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण करणार्‍या सुमा शिरूर यांनी पनवेलला 'लक्ष्य' क्लब काढला तो याच दहा मीटरच्या खेळासाठी.

कायद्याचंही सांगतो, कारण अण्णांचा फोन येणारच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याची वयोमर्यादा आधी १६ होती, १९८३ मध्ये ती २१ झाली. बारा वर्षांपुढच्या मुलांना सराव करता येतो, पण रीतसर प्रशिक्षणात, मोठ्यांच्या देखरेखीखाली. अण्णांचा परवाना अण्णांच्या नावावर आहे, घराण्याच्या नव्हे. शिवाय नव्या परदेशी बंदुका आणायची मुभा मुख्यतः नामांकित नेमबाजांना आणि संघटनांना असते, त्यामुळे पोरीसाठी 'कोणती विकत घेऊ' हा प्रश्नच उद्भवत नाही. संघटनेच्या रेंजवरची साडेतीन किलोची बाराबोर, २४ ग्रॅमची काडतुसं, आखूड दस्ता, आणि पहिल्या दिवशी दहाच बार. बंदूक जड वाटली तर काही महिने पनवेलला एअर रायफल धरून हात आणि पाठ तयार होऊ देत. दोन्ही खेळ वेगळे आहेत (रायफलीत स्थिर राहायचं, शॉटगनीत तबकडीबरोबर वळायचं), पण चापाशी सबुरी दोन्हीकडे लागते.

करणी सिंहांच्या रौप्याला बरोबर साठ वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, त्याच कैरोत ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा जगज्जेता झाला. दोन वर्षांनी पॅरिसला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत कांस्य आणलं. त्याच ऑलिंपिकमध्ये स्कीटच्या मिश्र जोडीत माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका चिनी जोडीकडून ४३-४४ असे हरले आणि चौथे आले. एका तबकडीने. दोघंही राजस्थानचे.