स्पेक टायरची कुळकथा

मोटारशर्यतीच्या एखाद्या वर्गातील सर्व गाड्यांनी एकाच कंपनीचा, एकाच नमुन्याचा आणि ठरलेल्या मापाचा टायर वापरावा असा नियम असतो, तेव्हा त्या टायरला स्पेक टायर म्हणतात. ब्रिटनमध्ये त्यालाच कंट्रोल टायर असे नाव आहे. फॉर्म्युला वनपासून कार्टिंगपर्यंत आज हा नियम सर्वत्र दिसतो. पण त्याची सर्वाधिक गरज हौशी शर्यतींना असते. तिथला चालक आठवडाभर नोकरी करतो, पगारातून गाडी बांधतो आणि शनिवार-रविवारी ती ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेतो. असा वर्ग दहा-वीस वर्षे टिकणार की तीन हंगामांत ओस पडणार, हे ठरवणाऱ्या गोष्टींत टायरची निवड अगदी वर येते.

गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि त्यातले प्रत्येक ठिकाण तळहाताहून फार मोठे नसते. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, वळणावरचा तोल हे सारे तेवढ्याच रबरातून रस्त्यावर उतरते. त्यामुळे चांगला टायर घालून जेवढा वेळ वाचतो, तेवढा त्याच पैशात दुसऱ्या कुठल्या बदलाने क्वचितच वाचतो. इंजिनाला सील ठोकता येते, गाडी काट्यावर चढवता येते, स्प्रिंग मोजता येते. टायरची पकड मात्र तपासणीच्या शेडमध्ये मोजता येत नाही. त्यातून टायर झिजणारा. मऊ रबराचा टायर पहिल्या काही फेऱ्यांत सर्वात वेगवान असतो, मग उतरत जातो. नियम मोकळा ठेवला की दर शर्यतीला नवा संच घेणारा पुढे आणि मागच्या महिन्याचे टायर वापरणारा मागे, अशी रांग लागते. त्यात चालवण्याच्या कौशल्याला जागा उरत नाही. स्पेक टायरचा उगम या दुखण्यात आहे.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. चार्ल्स गुडइयरने गंधक आणि उष्णता यांच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने तीच कल्पना सायकलसाठी नव्याने मांडली. मोटारशर्यतीत हवेचा टायर आणला तो मिशलँ बंधूंनी, १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत. पंक्चरांमागून पंक्चर होत राहिले, तरी गाडी परत आली. तेव्हापासून शर्यत ही टायर कंपन्यांची प्रयोगशाळाही झाली आणि जाहिरातीचा फलकही. या दोन्ही हेतूंपोटी कंपन्या एकमेकींवर मात करू पाहत आणि या चढाओढीचा खर्च शेवटी स्पर्धकांच्या अंगावर येई.

ही चढाओढ १९६० आणि १९७० च्या दशकांत शिगेला पोचली. टायर रुंद होत गेले. १९७१ मध्ये फायरस्टोनने फॉर्म्युला वनमध्ये खाचा नसलेला गुळगुळीत टायर, म्हणजे स्लिक, आणला. १९८० च्या दशकात तर पात्रता फेरीपुरते असे टायर बनू लागले की एक-दोन फेऱ्यांत त्यांचे काम संपे. श्रीमंत संघांना हे परवडत होते. हौशी चालकांसाठी त्याच काळात उलट दिशेचा विचार सुरू झाला होता. अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग, चाकांसकट, घेऊन बांधलेल्या फॉर्म्युला व्ही या गाडीला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने १९६३ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनमध्ये २ जुलै १९६७ रोजी ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली. गाडीची किंमत एक हजार पौंडांच्या आत राहावी हा तिचा पाया होता आणि म्हणून शर्यतीचे खास टायर न घालता रस्त्यावरचे टायर घालायचे असे ठरले. एकच कंपनी, एकच नमुना ही अट इथे अजून नव्हती. पण टायरला लगाम घातला की वर्ग स्वस्त राहतो आणि चुरसही वाढते, हे इथे सिद्ध झाले.

व्यावसायिक शर्यतींना तोच धडा पुढे फार महागात शिकावा लागला. अमेरिकेच्या नॅस्कार या शर्यतमालिकेत हूझिअर आणि गुडइयर या कंपन्यांची टायरची लढाई १९९४ मध्ये संपली आणि गुडइयर एकटी उरली. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत उंच कडेच्या वळणावर मिशलँचे टायर टिकणार नाहीत हे उघड झाले. त्या टायरवरच्या १४ गाड्या सुरुवातीच्या संथ फेरीनंतर परतल्या आणि ब्रिजस्टोनवरच्या फक्त सहा गाड्या धावल्या. २००७ पासून फॉर्म्युला वननेही एकच पुरवठादार स्वीकारला.

हौशी स्पेक टायरचा खरा पूर्वज मात्र अमेरिकेच्या एका सरकारी नियमातून आला. १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यानंतर रस्त्यावर वापरायच्या प्रत्येक टायरवर परिवहन खात्याचा शिक्का, म्हणजे डीओटी, अनिवार्य झाला. पुढे टायरच्या झिजेची श्रेणी छापणेही सक्तीचे झाले. त्यासाठी टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळ सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचे ताफे ७,२०० मैल चालवून नमुना टायरशी तुलना करतात. नमुन्याची श्रेणी १०० धरतात, २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ. ही सोय ग्राहकासाठी होती. शर्यतीच्या नियमकर्त्यांना तिच्यात आयती मोजपट्टी मिळाली. शिक्का असलेलाच टायर चालेल, असा नियम केला की स्लिक आपोआप बाद होत होते.

पण उत्पादकांनी त्यातूनही वाट काढली. वर नावापुरत्या खाचा, बाजूवर कायदेशीर शिक्का आणि आत शर्यतीचे मऊ रबर, असे टायर १९८० च्या दशकापासून बाजारात आले. त्यांना आर-कंपाउंड म्हणतात. यांतल्या काहींची श्रेणी ४० इतकी खाली असते. शिक्क्याची अट अशी पोकळ ठरल्यावर दोन मार्ग उरले. एक, श्रेणीची किमान मर्यादा घालणे. जुन्या स्वस्त गाड्यांच्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या २००६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेने १९० चा आकडा धरला. हा मार्ग सोपा, पण पूर्ण भरवशाचा नाही, कारण श्रेणी उत्पादकच जाहीर करतो आणि १९० छापलेल्या दोन टायरांच्या पकडीत बरेच अंतर असू शकते. दुसरा मार्ग म्हणजे नियमात टायरचे नावच लिहून टाकणे.

दुसऱ्या मार्गाचा सर्वात मोठा प्रयोग स्पेक मियाटा या वर्गात झाला. १९८९ मध्ये आलेली माझदाची छोटी दोन आसनी मियाटा जुनी होऊन स्वस्तात मिळू लागली, तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा वर्ग आकाराला आला. त्यापाठोपाठ नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनने बीएमडब्ल्यूच्या ई-थर्टी गाडीचा स्पेक ई-थर्टी हा वर्ग सुरू केला. दोन्हींकडे अनेक वर्षे जपानच्या टोयो कंपनीचा आरए-वन हा टायर ठरलेला होता आणि मापही एकच, २०५/५० आर १५. त्याची श्रेणी १००. तो सर्वात वेगवान कधीच नव्हता. त्याचा गुण वेगळा होता: तापून थंड होण्याची अनेक आवर्तने झाली तरी त्याची पकड फारशी ढळत नसे. जुन्या टायरवरचा चालक नव्या टायरवाल्याच्या मागे लागू शके आणि वर्ग जिवंत राही.

आरए-वनमुळे एक विलक्षण प्रथा रुजली. कोऱ्या टायरच्या खाचा एक चतुर्थांश इंच खोल असत. कोरड्या ट्रॅकवर एवढी उंच नक्षी वळणावर वाकते, तापते आणि तिचे तुकडे उडतात. म्हणून चालक नवा टायर यंत्रावर फिरवून त्याचे रबर तासून घेत आणि नक्षीची उंची निम्मी किंवा त्याहून कमी करत. पैसे देऊन रबर कमी करून घेणे बाहेरच्याला वेडेपणा वाटेल, पण तासलेला टायर थंड राहतो, जास्त धरतो आणि शर्यतीत जास्त टिकतोही. न तासलेला तोच टायर पावसात उपयोगी पडे, कारण खोल खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते. कोरडे आणि ओले असे दोन्ही दिवस एका नमुन्यावर भागत.

वॉशिंग्टन राज्यात या सोयीचे मोल फार मोठे आहे. उदाहरणार्थ, बॉथेल हे सिअ‍ॅटलच्या ईशान्येला सामामिश नदीकाठी वसलेले, किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांत पसरलेले शहर.  इथल्या हौशी चालकाला सर्वात जवळचा मोठा ट्रॅक म्हणजे दक्षिणेला केंटजवळच्या झाडीत १९६० मध्ये सुरू झालेला पॅसिफिक रेसवेज, लांबी सव्वादोन मैल. त्याखेरीज शेल्टनचा द रिज, कॅनडातील मिशनचा ट्रॅक आणि ओरेगॉनमधील पोर्टलंड इंटरनॅशनल रेसवे हे आहेत.  या प्रदेशातील क्लबांना एकत्र बांधणारी संघटना म्हणजे इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्पोर्ट्स कार क्लब्ज. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील क्लबही तिच्यात असल्याने नावातील ‘इंटरनॅशनल’ खरे आहे. तिच्या छत्राखाली प्रो-थ्री हा वर्ग चालतो. गाडी एकच: बीएमडब्ल्यू ३२५आय, ई-थर्टी बांधणीची, अडीच लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, अमेरिकेतील नव्या गाडीत १६८ अश्वशक्ती. टायरही ठरवून दिलेला. इथे भर उन्हाळा कोरडा जातो, पण हंगामाच्या दोन्ही टोकांना पाऊस हमखास. सकाळी सराव ओल्यात आणि दुपारी शर्यत कोरड्यात, असा दिवस इथे नवलाचा नाही. कॅलिफोर्नियात उत्तम ठरलेला टायर म्हणूनच इथे डोळे झाकून घेता येत नाही.

एखाद्या वर्गाची समिती टायर निवडायला बसते तेव्हा पहिला प्रश्न वेगाचा नसतो. सगळेच एका टायरवर असतील तर फेरीला दोन सेकंद कमी-जास्त लागल्याने चुरस बदलत नाही. उलट फार धरणारा टायर घातक ठरू शकतो. तो वळणावरचा ताण वाढवतो आणि तीस वर्षे जुन्या गाडीचे हब व बेअरिंग तो ताण झेलतात. मियाटाच्या हबांचा त्रास त्या वर्गात सर्वांना ठाऊक आहे. खरा प्रश्न असा की एक संच किती शर्यतींपर्यंत स्पर्धेत राहतो. टायरची किंमत भागिले असे उपयोगी दिवस, हाच आकडा शेवटी चालकाच्या खिशाला लागतो. स्वस्त पण लवकर उतरणारा टायर या हिशेबात महाग पडतो.

त्यानंतर मापाचा प्रश्न येतो आणि तिथे लहान वर्गाचे हात बांधलेले असतात. प्रत्येक मापासाठी कंपनीला वेगळा साचा करावा लागतो. देशभर पसरलेल्या स्पेक मियाटासाठी हूझिअरने खास टायर काढले, त्यांच्या नावातच वर्गाची आद्याक्षरे आहेत. काही डझन गाड्यांच्या प्रादेशिक वर्गासाठी कोणी साचा करत नाही. अशा वर्गाने दुसऱ्या कोणासाठी तरी बनणारा टायर शोधायचा आणि तो बनत राहील अशी आशा धरायची. आरए-वनचे एक माप दोन मोठ्या वर्गांत चालत होते, ही त्याच्या दीर्घायुष्यातली मोठी बाब होती. पंधरा इंची चाके आता नव्या गाड्यांवर कमी दिसतात, त्यामुळे हा पेच दरवर्षी घट्ट होत चालला आहे.

पुरवठ्याला कंपनीचे औदार्यही जोडलेले असते. विजेत्यांना मोफत टायर किंवा सवलतीची कूपन देण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. तिचा मोह समित्यांना पडतो आणि पडू नये असे म्हणणे सोपे नाही. पण बक्षिसाचे टायर पहिल्या तिघांकडे जातात, बिल मात्र सर्वांना येते. त्यामुळे मधल्या आणि शेवटच्या चालकाला टायर कितीला पडेल, याला बक्षिसापेक्षा जास्त वजन दिले पाहिजे.

नियम ठरला तरी पळवाटा बुजवाव्या लागतात. टायरला रसायन लावून रबर मऊ करता येते, म्हणून तपासनीस ड्युरोमीटरने कठीणपणा मोजतात. काही मालिका प्रत्येक शर्यतीसाठी टायरची संख्या बांधून देतात आणि टायरवर खूण करतात. २००० सालापासून डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात. जुना साठा ओळखायला ते पुरेसे असतात.

एकाच टायरचा हा नियम महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या मोहिते सर्किटवर झालेल्या राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्यांमुळे ओळखीचा आहे. रोटॅक्स मॅक्स या जगभर चालणाऱ्या कार्टिंग वर्गात सर्वांना मोजो हा एकच टायर असतो. भारतातील मोटारशर्यतींचे आश्रयदातेच टायर कंपन्या असल्याने इथे स्पेक टायर बहुतेकदा वरून ठरून येतो: चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर एमआरएफच्या मालिकेत एमआरएफ, जेके टायरच्या अजिंक्यपद स्पर्धेत जेके. अमेरिकेतील हौशी वर्गांत चालकच मतदान करतात किंवा निवडलेल्या समितीवर दबाव आणतात. त्यामुळे तिथे वाद लांबतो, पण निवडीची जबाबदारीही चालकांचीच राहते.

सर्वात कठीण वेळ येते ती चालू टायर बदलताना. नव्या टायरची चाचणी एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर, वेगवेगळ्या कुवतीच्या चालकांकडून घ्यावी लागते, कोरड्यात आणि ओल्यातही. पहिल्या फेरीपेक्षा विसाव्या फेरीची आणि नव्या संचापेक्षा पाच-सहा वेळा तापून थंड झालेल्या संचाची नोंद जास्त उपयोगी असते. नवा टायर उंचीने थोडा वेगळा असला तरी गिअरिंग बदलते. बाजूची भिंत ताठ असली तर चाकाचा तिरकसपणा आणि हवेचा दाब नव्याने बसवावा लागतो. अशा बदलात अनुभवी संघ महिनाभरात सावरतो, एकट्याने गाडी सांभाळणाऱ्याचा हंगाम जातो. म्हणून समंजस समित्या बदलाची घोषणा हंगाम संपताच करतात, जुना साठा वापरून टाकायला मुदत देतात आणि त्या मुदतीत दोन्ही टायर चालू ठेवायचे असतील तर संथ असलेल्या टायरच्या गाडीला वजनात सूट देतात.