परवलीचा शब्द : सर्वांचा की एकेकाचा?

परवलीचा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. गडाच्या दरवाजावर पहारेकरी रात्री ‘कोण आहे?’ म्हणून हटकतो, बाहेरचा माणूस ठरलेला शब्द सांगतो आणि दिंडी उघडते, असे प्रसंग लहानपणापासून आपण गोष्टींतून ऐकत आलो आहोत. पण त्या शब्दाने पहारेकऱ्याला नेमके काय समजते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आलेला माणूस आपल्यापैकी आहे एवढेच समजते. तो कोण हे समजत नाही. या लहानशा फरकाचा इतिहास आज आपणांस सांगायचा आहे. हा इतिहास किल्ल्यांचा नाही. शाळा, कचेऱ्या आणि ग्रामपंचायती यांच्या भिंतींवर आता ज्या दिवे लुकलुकणाऱ्या पेट्या बसल्या आहेत, त्यांचा आहे.

आधी एक घडलेली हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. भर दुपारी सगळे जाळे बंद पडले. संगणक चालू, वीज चालू, पण अर्ज पुढे जाईनात. संध्याकाळी बाहेरून तंत्रज्ञ आला आणि म्हणाला, मुख्य पेटीतली मांडणी कोणीतरी बदलली आहे. कोणी? पेटीच्या रोजनिशीत नोंद होती ती एवढीच : ‘अ‍ॅडमिन’ने एक वाजून चाळीस मिनिटांनी बदल केला. आता हे ‘अ‍ॅडमिन’ नाव आणि त्याचा शब्द आम्हां सात जणांना ठाऊक होता. होय, त्या सातांत मीही होतो. चौकशी झाली, कोणीच कबूल होईना. शेवटी बोट गेले प्रयोगशाळेच्या परिचराकडे, कारण खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असे. त्याने केले असे सिद्ध झाले नाही, आणि केले नाही असेही त्याला सिद्ध करता आले नाही. त्याची नेमणूक हंगामी होती. जून महिन्यात ती पुढे वाढली नाही.

ही गोष्ट मनात घेऊनच पुढचे वाचा.

सामाईक शब्दाची ही खोट जुन्या लोकांच्या ध्यानात आली नव्हती असे नव्हे. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन छावणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. संध्याकाळी त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. ती पाटी एका तुकडीकडून दुसरीकडे साक्षीदारांसमक्ष फिरे आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावी लागे. एखादी पाटी परत आली नाही, तर ती कोठे अडली याचा पत्ता इतर पाट्यांवरील खुणांवरून लागे, आणि दोषी माणूस सापडे. म्हणजे शब्द सर्वांचा, पण तो हातोहात कसा गेला याचा हिशेब एकेकाचा! मला तर त्या शब्दापेक्षा पाटीचेच कौतुक अधिक वाटते.

संगणकाच्या राज्यात परवलीचा शब्द आला तो 1960 च्या दशकात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत, ज्या संस्थेला एमआयटी म्हणतात तेथे, फर्नांडो कॉर्बाटो यांनी 1961 साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाची कागदपत्रे निराळी राहावीत म्हणून प्रत्येकाला खाते आणि शब्द दिला. व्यवस्था उत्तम, पण सगळ्यांचे शब्द एकाच यादीत, उघड लिहिलेले! ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास यंत्र मिळे, ते त्याला पुरेना. 1962 साली त्याने ती यादी छापून मिळावी असा हुकूम यंत्रालाच दिला आणि यंत्राने तो आज्ञाधारकपणे पाळला. पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितले. या यादीच्या दुखण्यावर उपाय 1979 साली रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांच्या निबंधात सविस्तर मांडला गेला : शब्द जसाच्या तसा ठेवूच नये, तो दळून त्याचे पीठ ठेवावे. पिठावरून दाणा परत करता येत नाही. पण कोणी तोच दाणा आणला तर तो पुन्हा दळून पीठ जुळते का, हे पाहता येते.

इथवर माणूस आणि यंत्र एवढाच संबंध होता. पुढे यंत्रे यंत्रांना जोडली गेली आणि एक नवे काम निघाले. शेकडो कोस दूर बसवलेली पेटी चालू आहे की बंद, तिच्यातून किती मजकूर जातो, कोठली तार तुटली, हे एका जागी बसून कसे कळावे? प्रत्येक पेटीपाशी माणूस बसवणे परवडणारे नव्हते. तेव्हा जेफ्री केस, जेम्स डेव्हिन, मार्क फेडोर आणि मार्टिन शॉफस्टॉल या चौघांनी 1987 साली पेटीला प्रश्न विचारण्याची एक सोपी भाषा तयार केली. तिचेच सुधारलेले रूप ऑगस्ट 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला एसएनएमपी म्हणतात. नावातला पहिला ‘एस’ म्हणजे ‘सिंपल’, सोपे. देखरेख करणारा विचारतो, पेटी उत्तर देते. आणि अधिकार असेल तर देखरेख करणारा पेटीची मांडणीही बदलू शकतो.

पण अधिकार ओळखायचा कसा? तेथे मात्र जुना गडाचा दरवाजाच पुन्हा उभा राहिला. पूर्ण गटाला मिळून एकच शब्द! त्याला ‘कम्युनिटी’, म्हणजे समुदायाचे नाव, म्हणत. तो तारेवरून उघडा जाई. मध्ये कान देऊन बसणाऱ्याला तो सहज ऐकू येई. त्यात आणखी मौज अशी, की कित्येक पेट्या कारखान्यातून निघतानाच त्यांत वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि बदल करण्यासाठी ‘प्रायव्हेट’ असे शब्द घातलेले असत. घराला कुलूप लावायचे आणि त्याची किल्ली जगातल्या प्रत्येक दुकानात टांगायची, असा हा प्रकार. करणारी माणसे अडाणी होती का? मुळीच नाही. जाळे झपाट्याने वाढत होते, देखरेखीचे साधन तातडीने हवे होते, आणि सुरक्षिततेचे मागाहून पाहू असे ठरले.

हे ‘मागाहून’ फार लांबले. 1992 साली सुरक्षित रूपाचा आराखडा आला. 1993 साली दुसरी आवृत्ती निघाली. पण तिची सुरक्षा-व्यवस्था इतकी गुंतागुंतीची, की ती चालवणाऱ्यांनाच नकोशी झाली. जाणकारांत दोन तट पडले, एकमत होईना, आणि जानेवारी 1996 मध्ये जी तडजोड बाहेर आली तिच्यात पुन्हा तोच सामाईक शब्द. तिच्या नावापुढे ‘सी’ हे अक्षर आहे, ते ‘कम्युनिटी’चे! आजही हजारो पेट्या हीच आवृत्ती बोलतात. सोय ही मोठी चिवट वस्तू आहे.

अखेर जानेवारी 1998 मध्ये तिसरी आवृत्ती मांडली गेली आणि डिसेंबर 2002 मध्ये ती पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झाली. सुरक्षेचा जो भाग आपल्या विषयाचा आहे, तो युरी ब्लूमेंथाल आणि बर्ट वाइनेन यांनी लिहिला. त्याचे सूत्र एकच : समुदाय नाही, माणूस. प्रत्येक देखरेख करणाऱ्याचे पेटीत स्वतःच्या नावाने खाते; त्या खात्याला दोन गुपिते. पहिल्या गुपिताने, हा निरोप त्याच माणसाचा आहे आणि वाटेत कोणी फिरवलेला नाही, हे पटते. म्हणजे ते पत्रावरच्या शिक्क्यासारखे. दुसऱ्याने मजकूर झाकला जातो. म्हणजे कुलूपबंद थैलीसारखे. नुसते नाव सांगूनही काम चालवता येते, शिक्का लावूनही, आणि शिक्का व थैली दोन्ही वापरूनही. माझे मत विचाराल तर तिसराच मार्ग धरावा.

याच्या पोटात जी युक्ती आहे ती ऐकण्याजोगी आहे. ही गुपिते म्हणजे नुसते शब्द नव्हेत, वाक्ये असावीत. त्यांना निदान आठ अक्षरांची अट आहे. ते वाक्य पुन्हापुन्हा लिहून दहा लाख अट्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर अक्षरांची लांबच लांब माळ करतात आणि मग ती दळतात. उद्देश असा, की चोराला एकेक अंदाज करून पाहायला प्रत्येक वेळी एवढे दळण दळावे लागावे. मग त्या पिठात त्या त्या पेटीची स्वतःची खूण मिसळून पुन्हा दळतात. त्यामुळे तुमचे वाक्य एकच असले, तरी प्रत्येक पेटीतली किल्ली निराळी होते. एक पेटी चोरीला गेली आणि कोणी तिच्यातली किल्ली काढली, तरी त्या किल्लीने दुसरी पेटी उघडत नाही. आणि मूळ वाक्य तर पेटीत ठेवायचे कारणच उरत नाही. शिवाय शिक्का लावलेल्या निरोपावर वेळही असते. दीडशे सेकंदांपेक्षा जुना निरोप पेटी नाकारते. म्हणजे कालचे खरे पत्र पळवून आज कोणी दाखवले, तरी उपयोग नाही. रोमन छावणीत शब्द रोज बदलत. इथे प्रत्येक निरोप अडीच मिनिटांत शिळा होतो.

ही भीती कागदावरची आहे, असे मात्र समजू नका. 2002 सालच्या फेब्रुवारीत, फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधलेले जुन्या आवृत्तीच्या हाताळणीतले दोष जाहीर झाले, आणि अनेक कंपन्यांच्या पेट्यांत ते निघाले. 2016 साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने कॅमेरे व घरगुती पेट्या ताब्यात घेतल्या. त्याच्याजवळ हत्यार होते ते कारखान्यात घातलेल्या साठएक नावांच्या व शब्दांच्या यादीचे. एप्रिल 2018 मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी मिळून इशारा दिला, त्यातही जाळ्यातल्या पेट्यांवरील एसएनएमपीच्या गैरवापराचा उल्लेख होता.

आता हे तुमच्या गावाशी कसे जुळते? ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. शाळेच्या, दवाखान्याच्या, पंचायतीच्या भिंतीवर पेटी आली म्हणजे कोणी ना कोणी तिचा कारभारी होतो. बहुधा संगणकाची आवड असलेला एखादा गुरुजी किंवा बाई. तेव्हा गुरुजी, पेटी बसवणाऱ्याला एवढे जरूर विचारा, की हिच्यात ‘पब्लिक’ अजून आहे का, आणि खाती कोणाकोणाच्या नावाची आहेत. बदली होऊन गेलेल्याचे खाते त्याच दिवशी काढून टाका. वाक्य निवडताना म्हण, अभंग किंवा मुलाचे नाव घेऊ नका. ते गावाला पाठ असते. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द रोमन लिपीत लिहिलेले बरे, कारण कित्येक पेट्यांना देवनागरी उमगत नाही. ‘चिंच कंदील बुधवार पाटी’ हे वाक्य वाईट नव्हते. पण ते इथे छापले गेले, तेव्हा आता निकामी झाले! आणि दर महिन्याला वाक्य बदलण्याची सक्ती नको. माणसे मग शेवटी एक, दोन, तीन आकडे जोडत बसतात. अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनेही 2017 साली ती सक्ती सोडण्यास सांगितले. गुपित फुटल्याचा संशय आला, तर मात्र त्याच घटकेला बदलावे.

त्या महाविद्यालयातल्या पेटीत पुढे आम्ही खाती निराळी केली. काम अर्ध्या दिवसाचे होते. सात नावे, सात वाक्ये. एकेकाने पाठ फिरवून टंकली. पुढच्याच महिन्यात जाळे पुन्हा तसेच बंद पडले आणि रोजनिशी उघडली. या खेपेस तिच्यात वेळेपुढे नाव होते. चूक साधी होती, करणाऱ्याने ती तिथल्या तिथे मान्य केली आणि दहा मिनिटांत दुरुस्त केली. मी त्या परिचराच्या घरी ही हकीकत सांगायला गेलो, तेव्हा तो दुसऱ्या गावी कामाला लागला होता. त्याच्या वडिलांनी मला चहा दिला.